एकमताने मंजूर

वाघोलीत नगर रस्ता सोडून थोडं आत वळलं की शीतलबन सहकारी गृहरचना संस्था लागते. तिथे शीतल असं काही नव्हतं, आणि बन म्हणावं तर झाड एकच होतं, कडुनिंबाचं. तेही बिल्डरने लावलेलं नव्हे. ज्या शेतकऱ्याने जमीन विकली त्याच्या विहिरीकाठचं ते झाड. विहीर बुजवली आणि झाड ठेवलं, कारण माहितीपत्रकावर फोटो छापायचा तर हिरवं काहीतरी लागतं. त्या फोटोच्या जोरावर झाडासमोरच्या फ्लॅटना ‘गार्डन फेसिंग’ असं नाव देऊन जास्तीचा दर लावला गेला, आणि खराडीच्या काचेच्या इमारतींत संगणकासमोर बसणाऱ्या तरुण मंडळींनी तो हूं की चूं न करता मोजला.

अशाच एका फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, हिंमतराव गावंडे बायकोबरोबर राहत. मूळचे अकोल्याकडचे, पण सगळी नोकरी पुण्यात हवामान खात्यात झालेली. हवामान खात्यातल्या माणसाला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘छत्री घेऊ का?’ हिंमतरावांचा विषय छत्रीच्या बराच वरचा होता. पृथ्वीवर उष्णता येते कुठून, अडते कुठे आणि जाते कुठे, याचा त्यांचा अभ्यास. त्यावरचा त्यांचा एक निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला होता. त्याची प्रत ते पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत. चहा झाल्यावर पाहुणे उठून जातात हे ते अनुभवाने शिकले होते.

सत्यशीलाबाईंनी तो निबंध वाचला नव्हता आणि तसं सांगायची त्यांना लाजही वाटत नसे. नवऱ्याची नोकरी, मग मुलींची शाळा, मग मुलींची अमेरिका, यात त्यांचं वय झालं. सरकारी क्वार्टरमध्ये शेजारीण म्हणून जी मिळे तिची तीन वर्षांत बदली होई. मैत्रीण म्हणावी अशी बाई त्यांना साठीला टेकल्यावर मिळाली, आणि ती याच कडुनिंबाखाली मिळाली.

तिचं नाव शहजादी. तळमजल्यावर भाड्याने राहायला आलेली. नाना पेठेतलं त्यांचं घर पाडून बिल्डर नवं बांधून देणार होता, तोवर दोन वर्षं वाघोलीत काढायची असं ठरलं होतं. ती दोन वर्षं कधीच होऊन गेली होती आणि नाना पेठेत अजून नुसता खड्डा होता. शहजादी कुर्त्यांना काजं करायचं काम घरी आणत असे. दुपारी ती सुईदोरा घेऊन झाडाच्या पारावर येई, सत्यशीलाबाई निवडायला डाळ-तांदूळ घेऊन उतरत, आणि ऊन कलेपर्यंत दोघींचं चालू राही. काय बोलत असत ते हिंमतरावांना कधी कळलं नाही. एकदा त्यांनी विचारलं तेव्हा सत्यशीलाबाई म्हणाल्या, “तुमच्याबद्दल नाही, काळजी करू नका.”

आता एसीचं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. सुरुवात शेजारच्या फ्लॅटमधल्या उत्कर्षाने केली, आणि खरं बोलायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथला दिवस उजाडला की इथे हिची रात्रपाळी, आणि झोपायचं ते भर दुपारी, खिडक्या लावून आणि काळे पडदे ओढून. मार्च-एप्रिलमध्ये अशा खोलीत माणूस उकडून निघतो. तिच्या नवऱ्याने, दिग्विजयने, एसी बसवला. दिग्विजय एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि सोसायटीचा चेअरमन. दोन्ही कामं तो एकाच पद्धतीने करी, म्हणजे ईमेल पाठवून.

एसीचं बाहेरचं खोकं लागलं ते गावंड्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. हिंमतराव तक्रार घेऊन गेले. दिग्विजयने त्यांना आदराने आत बसवलं, गार पाणी दिलं आणि म्हणाला, “काका, आउटडोअर युनिट आहे ना ते. आउटडोअरच लावणार.”

“अहो, पण तुमच्या खोलीतली उष्णता ते माझ्या खोलीत आणून ओततंय.”

“तुमच्या खोलीत नाही, काका. बाहेर. तुमची विंडो ओपन असते म्हणून आत येते.”

या युक्तिवादात कुठे खोट आहे हे हिंमतरावांना दिसत होतं, पण दिग्विजयची बैठक छान गार होती आणि तिथे बसून भांडण चढेना. घरी येऊन त्यांनी खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावर खोली जास्त तापली. ती उघडी ठेवावी तर गरम झोत, लावावी तर भट्टी. वरच्या मजल्यावरच्यांचंही तेच झालं आणि त्यांनी महिनाभरात एसी घेतला. त्याचं खोकं त्यांच्या वरच्यांच्या खिडकीखाली आलं. मग त्यांनी घेतला. वर्ष सरेपर्यंत इमारतीच्या त्या भिंतीवर खोकी अशी लटकली की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळ्यांनी आपापली पेटी बाहेर टांगून गावाला जायची तयारी केली आहे. सगळ्यांचा गरम वारा आणि सगळ्यांचं टपटपणारं पाणी खाली शहजादीच्या मागच्या खिडकीत जमा होई. ती भाडेकरू असल्यामुळे तिची तक्रार ऐकून घ्यायची सोय संस्थेच्या नियमांत नव्हती.

हिंमतराव मात्र हे सारं एखाद्या डॉक्टरने दुर्मीळ रोग पाहावा तसे पाहत होते. जन्मभर जे त्यांनी ध्रुवावरच्या बर्फाबद्दल वाचलं होतं ते त्यांच्याच बाल्कनीसमोर घडत होतं. ते त्रासले होते, पण आतून थोडे सुखावलेही होते. एवढा चांगला नमुना घरबसल्या कुणाला मिळतो?

पुढच्या एप्रिलमध्ये वसुंधरा दिन आला. दिग्विजयच्या कंपनीत त्यानिमित्त सगळ्यांना हिरवे टी-शर्ट वाटले होते, त्या भरात त्याने सोसायटीतही काहीतरी करायचं ठरवलं. “काका, तुमचं एक सेशन ठेवू या. क्लायमेटवर. अर्धा तास. पोरांना समजेल असं.” हिंमतरावांना निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी बोलायला सांगत होतं. त्यांनी दोन आठवडे तयारी केली.

क्लबहाउस भरलं होतं. एसी दणकून चालू होता, आणि मागे बसलेल्या बायकांनी पदर अंगाभोवती घेतले होते. हिंमतरावांनी आधी परिभाषाकोशातला मराठी शब्द वापरून पाहिला. तो ऐकून पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं, तेव्हा ते ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’वर आले.

“इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे, बरं का,” ते म्हणाले. “वाढवत नेणारं. आपलं पार्किंगचं भांडण घ्या. एकाने आवाज चढवला की दुसरा त्याहून चढवतो, मग पहिला आणखी. बाहेरून कुणी काडी टाकावी लागत नाही, भांडणच भांडणाला पोसतं. ध्रुवावरचा बर्फ पांढरा असतो, तो ऊन परतवून लावतो. थोडा वितळला की खालचं काळं पाणी उघडं पडतं. ते ऊन शोषतं, तापतं, शेजारचा बर्फ वितळवतं, म्हणजे आणखी काळं पाणी. वाफेचंही तसंच. हवा तापली की जास्त वाफ धरते, वाफ उष्णता अडवते, हवा आणखी तापते.”

लोक खरंच ऐकत होते. हिंमतरावांना चेव चढला.

“दुसरा प्रकार निगेटिव्ह. म्हणजे लगाम घालणारा. भात उतू जायला लागला की वाफच झाकण उचलते, वाफ जाते, भात खाली बसतो. पृथ्वीही जेवढी तापेल तेवढी जास्त उष्णता आकाशात सोडून देते. तो लगाम नसता तर आपण इथे बसलो नसतो. आणि असा एक छोटा लगाम आपल्या अंगणात उभा आहे. कडुनिंब. ऊन वाढलं की तो पानांतून पाणी सोडतो आणि भोवतालची हवा उतरवतो. त्याला वीज लागत नाही.”

सत्यशीलाबाई मागच्या रांगेत होत्या. नवरा काहीतरी कळण्यासारखं बोलतो आहे हे पाहून त्यांना नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

मग हिंमतराव मुद्द्यावर आले. एकाचा एसी दुसऱ्याची खोली कशी तापवतो, दुसरा एसी घेऊन तिसऱ्याला कसा तापवतो, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून दाखवलं. शेवटी बोट उगारून ते म्हणाले, “हे असंच चाललं तर यंदा ज्याला एसी लागत नाही त्याला पुढच्या वर्षी लागेल. कुणाचीही सुटका नाही. लक्षात ठेवा.”

लोकांनी लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्विजयचा ईमेल आला. गावंडे काकांनी आपल्या सर्वांचे डोळे उघडल्याबद्दल त्यांचे आभार. काकांनी शास्त्रीय आधाराने दाखवून दिल्याप्रमाणे पुढच्या वर्षी एसी सर्वांनाच लागणार आहेत, आणि तेव्हा भाव वाढलेले असतील. तरी ज्यांनी अद्याप घेतलेला नाही त्यांनी आत्ताच एकत्र नोंदणी केल्यास दुकानदार घसघशीत सूट द्यायला तयार आहे. बसवणं फुकट.

जे वर्षभर घेऊ की नको करत होते त्यांचं त्या एका व्याख्यानाने ठरलं. शनिवारी टेम्पो आला आणि खोकी उतरू लागली. लोक वर बघून बाल्कनीतल्या हिंमतरावांना हात करत होते. एकाने खालूनच सांगितलं, “काका, पटलं तुमचं.” आपल्या बोलण्याचा एवढा परिणाम झालेला हिंमतरावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना चीड आली हे खरं, पण पहिले दोन दिवस त्यांना बरंचसं बरंही वाटलं, आणि हे त्यांनी बायकोपासून लपवून ठेवलं.

आता शीतलबनात एसी नसलेली दोनच घरं उरली, गावंड्यांचं आणि शहजादीचं. एकाकडे तत्त्व होतं म्हणून नव्हता आणि दुसरीकडे ऐपत नव्हती म्हणून नव्हता.

मे महिन्यात व्हायचं ते झालं. वाघोली तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे भारनियमन पाचवीला पुजलेलं. त्यात एवढी यंत्रं एकदम सुरू झाल्यावर रस्त्यावरची डीपी दोनदा उडाली. वायरमन आला, त्याने भिंतीवरची खोकी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिली. “हे आसंच ऱ्हाणार हाय,” तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच संध्याकाळी ईमेल आला की संस्थेने मोठा जनरेटर घ्यायचं योजलं आहे.

जनरेटर ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. एका बाजूला अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता, तो अडवता येत नाही. दुसऱ्या बाजूला पार्किंग. तिथे ठेवायचा तर दोन गाड्यांच्या जागा सोडाव्या लागल्या असत्या, आणि शीतलबनात मूत्रपिंड मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं, पार्किंग मिळालं नसतं. राहता राहिली कडुनिंबाची जागा. झाडाची गाडी नव्हती.

ज्यांनी या झाडाकडे तोंड असण्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते तेच आता ते पाडायला वर्गणी देणार होते. तोडायच्या परवानगीचं एक गृहस्थ बघणार होते. त्यांची एकच अट होती, ठराव एकमताने झालेला हवा आणि त्यावर प्रत्येक घरमालकाची सही हवी.

ही अट शीतलबनाला जड नव्हती. तिथे प्रत्येक ठराव एकमतानेच होई. पहिल्या वर्षी एकदा इतिवृत्तात ‘बहुमताने’ असं लिहिलं गेलं होतं, तर विरोध करणाऱ्याने त्यावरून निबंधकांकडे खेटे घातले. तेव्हापासून रीत पडली. विरोध करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून समजावत बसायचं. तो समजेपर्यंत सभा चालू. इतर ठिकाणी सभा संपताना ठराव मंजूर होतात, इथे ठराव मंजूर झाला की मगच सभा संपे.

रविवारी सकाळी अकराला विशेष सभा होती. हिंमतराव धुतलेला सदरा घालून निघाले. हातात पाच पानी टिपण होतं. सत्यशीलाबाई खाली निघायच्या बेतात होत्या. शहजादीला त्या सभेबद्दल काही बोलल्या नव्हत्या. तिला ईमेल येत नसे, पण तिला सगळं ठाऊक होतं.

“काय बोलणार आहात?” त्यांनी विचारलं.

“सगळंच. झाड किती उष्णता शोषतं, जनरेटर किती सोडेल...”

“बोला. नाही बोललात तरी चालेल. फक्त हात वर करू नका.”

“अगं, मी काहून हात वर करीन?” अकोला त्यांच्या जिभेवर असं रागात किंवा भीतीतच येई.

“नका करू, एवढंच. ते झाड गेलं तर मला खाली उतरायला कारण राहणार नाही.”

तेहतीस वर्षांच्या संसारात बाईने स्वतःसाठी काही मागितलं असं हे पहिलंच. हिंमतरावांना ते कळलं आणि त्यांचा ऊर भरून आला. जिन्यावरून उतरताना त्यांना अगदी लढाईवर निघाल्यासारखं वाटत होतं.

सभेत ते छान बोलले. टिपणातली पहिली तीन पानं तर लोकांनी शांतपणे ऐकली. आणखी तीन घरंही झाडाच्या बाजूने होती, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी, सकाळी त्या झाडाखाली योगासनं करणारं एक जोडपं, आणि नातवंडांना तिथे खेळवणारे एक आजोबा. दिग्विजयचा चेहरा उतरला. हिंमतरावांनी चौथं पान उलटलं आणि वीज गेली.

क्लबहाउसच्या खिडक्या सरकत्या काचांच्या, पण एसी बसवताना गारवा जाऊ नये म्हणून त्या फटींत चिकटपट्टी भरून कायमच्या बंद केलेल्या. दार तेवढं होतं. कुणीतरी ते उघडायला उठलं, तशी उत्कर्षा म्हणाली, “प्लीज, दार नको. आतला कूलिंग बाहेर जाईल. लाइट येईलच पाच मिनिटांत.” सगळ्यांना ते पटलं. एसीची सवय झालेल्या माणसाला गारवा म्हणजे डब्यात भरून ठेवायची वस्तू वाटते. दार घट्ट लावून मंडळी गारवा राखत बसली.

हिंमतरावांनाही ते पटलं, हे सांगितलंच पाहिजे.

वीज आली नाही. गारवा थोड्याच वेळात संपला आणि त्याजागी माणसांची ऊब भरू लागली. मे महिना, पत्र्याचं छत आणि बंद खोलीत पन्नासेक माणसं. लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागले. वारा घेण्याने घाम आला, घामाने चिडचिड झाली, चिडचिडीने आवाज चढले, आणि चढलेल्या आवाजांनी खोली आणखी तापली. “बघा,” दिग्विजय म्हणाला, “जनरेटर असता तर आत्ता ही वेळ आली असती का?”

पहिल्यांदा योगासनवालं जोडपं फुटलं. त्यांना म्हणे टेरेसवरही चालेल. मग आजोबा. त्यांनी कपाळावरचा घाम निपटला आणि म्हणाले, “घ्या बाबा, करा काय करायचं ते.” कुलकर्णी जरा टिकले. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, दुसरी सुचवली, आणि तिसरी सुचवताना सदऱ्याचं वरचं बटण काढून हात वर केला. एकेक माणूस फुटला की बाकीच्यांचा विरोध जरा महाग होई. सभा लांबवल्याचा दोष आता कमी माणसांत वाटला जात होता.

हिंमतराव हे सारं पाहत होते, आणि त्यांना सगळं समजत होतं, हीच गंमत. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, हे त्यांना पाठ होतं. पन्नास दिवे, बंद खोली, त्यांनी मनातल्या मनात गणित मांडलं. उष्णतेने माणसं शरण येत आहेत आणि शरण येऊन जास्त उष्णतेची सोय करून ठेवत आहेत, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून दाखवलं असतं. बाणांच्या वर्तुळात आपण कुठे आहोत तेही त्यांना दिसत होतं. फक्त उठून दार उघडावं हे त्यांना सुचलं नाही. घाम कानात उतरत होता, सदरा पाठीला चिकटला होता, आणि टिपणाचं चौथं पान हातात भिजून मऊ झालं होतं.

“काका,” दिग्विजय नम्रपणे म्हणाला, “फक्त तुम्हीच राहिलात.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या नजरांत राग असता तर हिंमतराव ताठ उभे राहिले असते. राग नव्हता, नुसती काकुळती होती. मागे कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. हिंमतरावांच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली, आणि त्यांना जगात एकच गोष्ट हवीशी झाली, ती म्हणजे ही सभा संपावी.

त्यांनी हात वर केला.

टाळ्या पडल्या. दार उघडलं आणि मंडळी एकमेकांना ढकलत बाहेर सुटली. बाहेर बाराचं ऊन फरशीवरून भाजत होतं. उभं राहायचं कुठे? सगळे न सांगता, न ठरवता कडुनिंबाखाली गेले. तिथे गेल्यावर पन्नास माणसांनी एकदम सुस्कारा टाकला. कुणी सदऱ्याची बटणं सैल केली, कुणी पारावर टेकलं, कुणी मान वर करून पानांकडे पाहत म्हणालं, “हुश्श. काय गार वाटतंय इथे.”

सत्यशीलाबाई आणि शहजादी पारावर कोपऱ्यात सरकून बसल्या. शहजादीने कुर्ते घडी करून मांडीवर घेतले, गर्दीत कुणाचा पाय पडू नये म्हणून.

दिग्विजयने कागद पुढे केला. “सगळे आहेतच तर सह्या इथेच घेऊन टाकू. आत फार गरम होतंय.”

खरोखर तसंच झालं. झाडाच्या बुंध्याला कागद टेकवून लोक सह्या करू लागले. खोडाची साल खडबडीत, त्यामुळे सह्या वेड्यावाकड्या येत होत्या, तशी एकाने खाली फाइल धरली. आता कुणाचा आवाज चढलेला नव्हता. माणसं एकमेकांची विचारपूस करत होती, एकाने दुसऱ्याच्या बाळाला घेतलं होतं, पार्किंगवरून वर्षभर न बोलणारे दोघे एकमेकांना काहीतरी सांगून हसत होते. पंधरा मिनिटांच्या सावलीने सगळी सोसायटी माणसात आली होती. त्या माणसात आलेल्या माणसांनी ओळीने सह्या केल्या.

कागद हिंमतरावांपुढे आला. त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला होता. डोकं अगदी स्वच्छ झालं होतं. एक सही नसेल तर ठराव कागदापुरता उरतो, हे त्यांना माहीत होतं, आणि ते माहीत आहे हे सत्यशीलाबाईंनाही माहीत होतं.

“हात वर केलात?” त्यांनी पारावरूनच विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

“अगं, आत इतकं उकडत होतं...”

“असेल. आत उकडत होतं.” त्यांनी ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “इथे काय होतंय?”

हिंमतरावांनी तोंड उघडलं. पन्नास माणसांसमोर एकदा वर केलेला हात खाली कसा घ्यायचा, लोक काय म्हणतील, दिग्विजय किती नम्रपणे बोलला होता, असं बरंच काही त्यांच्या ओठांवर आलं. त्यातलं काहीही त्या गार सावलीत मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “काका, पेन पुढे द्या की.” त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सही केली, नेहमीसारखी, खाली ठिपके देऊन.

सत्यशीलाबाई उठल्या. डाळीचं ताट त्यांनी एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने शहजादीची सुईदोऱ्याची पिशवी उचलली. शहजादी म्हणाली, “राहू दे, वहिनी, मी घेते.” त्यांनी दिली नाही.

नवऱ्याजवळून जाताना त्या क्षणभर थांबल्या.

“संध्याकाळी त्या दुकानदाराला फोन करा,” त्या म्हणाल्या. “एसी मोठा सांगा. शहजादी उद्यापासून दुपारची आपल्याकडे बसेल.”

“आपल्याकडे?”

“मग कुठे बसेल? आपलं खोकं तिच्याच खिडकीवर येणार आहे.”

दोघी जिन्याकडे गेल्या. हिंमतराव पेन हातात धरून झाडाखाली उभे राहिले, आणि लोक त्यांच्याकडून ते पेन मागत राहिले.